रस्ता तीन पावलांवर

सोमवार, ता. ४

बाळ्या,

पार्सल फाडण्याआधी ही चिठ्ठी वाच, नाहीतर नेहमीसारखी कागदासकट केराच्या डब्यात टाकशील. आत माझ्या मोठ्या शिलाई मशीनचं शटल आहे. दर दहा टाक्यांनी दोरा तोडतंय. इथल्या कारागिराने कानस मारून आणखी वाट लावली. तूच बघ.

हॉस्पिटलच्या नर्सबाईंचे चाळीस डगले शनिवारपर्यंत, म्हणजे सोळा तारखेला द्यायचेत. कापून ठेवलेत, नुसते शिवायचे राहिलेत. शटल पुढच्या सोमवारी इकडे निघायलाच हवं. रविवारी तुझं दुरुस्तीचं दुकान बंद असतं हे मला ठाऊक आहे. एक रविवार उघड. बहिणीसाठी उघड. रविवारी घरात बसून तू तरी काय करतोस, बायकोची बोलणीच खातोस ना?

तुझ्या त्या मास्तरीणबाईंना सांग, मागच्या सुट्टीत त्यांनी अप्पांना भूकंपाचा धडा दिला तो अप्पा विसरलेले नाहीत. खाटेवरून उठता येत नसेल तर उशी डोक्यावर घ्यायची. आता डास चावला तरी उशी डोक्यावर घेतात आणि मला म्हणतात, "हेडमास्तरांचा हुकूम आहे."

चिमणीला पापा.

तुझी ताई


मंगळवार, ता. १२, शाळेचं मैदान

ती. ताईंना नमस्कार,

आधी हे वाचा: आम्ही आहोत. चिमणीला खरचटलंसुद्धा नाही. माझ्या कपाळाला तीन टाके पडलेत, बाकी काही नाही. अप्पांना लगेच सांगा.

फोनचे टॉवर पडलेत. छावणीत एक फोन आहे, पण सकाळी रांगेत उभं राहिलं तर संध्याकाळी नंबर येतो, आणि मला तेवढा वेळ एका जागी थांबता येत नाही. पाण्याचा टँकर घेऊन येणारे ड्रायव्हर पत्रं नेतात, नदीपलीकडच्या पोस्टात टाकतात. म्हणून लिहिते आहे.

रविवारी पावणेबाराला झालं. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. आधी खालून गुरगुरल्यासारखं आलं, आणि मग कोणीतरी घराला खांद्याला धरून गदागदा हलवावं तसं. चिमणी माझ्या आधी जेवणाच्या टेबलाखाली गेली होती, एका हाताने मान झाकलेली, दुसऱ्या हाताने टेबलाचा पाय धरलेला. शाळेत शिकवलं तसं. मी तिच्यावर ओणवी झाले. कपाट आमच्या शेजारी पडलं. चाळीस-पन्नास सेकंदच असतील. थांबल्यावर मी गॅसचा कॉक बंद केला, चपला घातल्या, तिला घातल्या, आणि जिन्याने खाली आलो. सगळीकडे काचा होत्या. आमची इमारत उभी आहे, पण आत जायला बंदी आहे. शाळेच्या आवारात शंभर-एक कुटुंबं आहोत. शाळा बैठी आहे, पत्र्याची. तिला काही झालं नाही.

हे दुकानापाशी आहेत. मी दिवसभर तिथेच असते. चिमणी माझ्या शाळेच्या शिपाईणबाईंजवळ असते. आमचं बोलणं होतं. फार नाही, पण होतं.

तुमचं शटल पाठवायचं राहिलं, ताई. क्षमा करा.

तुमची,
चिमणीची आई


गुरुवार, ता. १४

मास्तरीणबाई,

तुझं पत्र हातात आलं आणि मी दारातच बसकण मारली. चार दिवस टीव्हीसमोर बसून माझे डोळे सुजलेत. अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. "आम्ही आहोत" हे त्यांनी तीनदा वाचायला लावलं. शटल गेलं खड्ड्यात. डगल्यांचं मी हॉस्पिटलला सांगते काय ते.

पण त्या शहाण्याने एक ओळ का लिहिली नाही? दुकानापाशी बसून काय करतोय? टीव्हीवर तुमची बाजारगल्ली दाखवली म्हणे, मला काही ओळखू आली नाही, नुसते ढिगारे. दुकान पडलं असेल तर पडू दे. त्याला सांग, हत्यारं काढायला आत शिरशील तर तंगडी मोडीन. हत्यारं पुन्हा घेता येतील.

मला त्याची काळजी नव्हती असं नाही, पण मनातून एक खात्री होती. तो पळणारा आहे. लहानपणी मागच्या रस्त्याने रोडरोलर गेला, घर जरा थरथरलं, तर हा अंगाला साबण तसाच घेऊन, टॉवेल न गुंडाळता थेट चौकात! सगळी गल्ली हसत होती. मी अप्पांना तेच म्हणाले, त्याचं दुकान तळमजल्यावर, रस्ता तीन पावलांवर. पहिल्या धक्क्यालाच बाहेर पडला असेल. अप्पा त्यावर शांत झोपले.

त्याच्या हातचं चार शब्दांचं का होईना, पत्र पाठव. आणि कपाळाच्या टाक्यांना पाणी लागू देऊ नकोस.

ताई


शुक्रवार, ता. १५

ताई,

हे पत्र अप्पांसमोर वाचू नका. दार लावून घ्या.

मी तुमच्याशी खोटं बोलले नाही, पण खरंही लिहिलं नाही. हे दुकानापाशी नाहीत, दुकानात आहेत. वरचे चार मजले दुकानावर बसलेत. रविवारपासून.

आता जे सांगते ते मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. धक्का आला तेव्हा आम्ही फोनवर होतो. हे विचारत होते की जेवायला घरी येऊ की शटल पुरं करून येऊ. मी म्हणाले, पुरं करून या. तेवढ्यात जमीन हलली. ह्यांच्याकडे माझ्याआधी पोचलं असावं, कारण आधी ह्यांचा आवाज बदलला. "अगं, हलतंय. मी बाहेर जातो." आणि मी ओरडले, "बाहेर नको! टेबलाखाली जा! टेबलाखाली!" ह्यांनी "बरं" म्हटलं. फोन ठेवल्याचा आवाज आला नाही, नुसता तुटला.

वर्षातून दोनदा मी पोरांना हेच शिकवते. हलत असताना धावायचं नाही. खाली बसा, डोकं झाका, धरून ठेवा. दाराबाहेर वरून सज्जे पडतात, काचा पडतात. सगळं बरोबर आहे, पुस्तकात आहे. पण तुम्ही लिहिलंत तेही बरोबर आहे. रस्ता तीन पावलांवर होता आणि तो पळणारा माणूस होता. बारा वर्षांच्या संसारात ह्यांनी माझं एकदाही पहिल्या सांगण्यात ऐकलं नाही. नेमकं तेव्हा ऐकलं.

सोमवारी पहाटे मी ढिगाऱ्यावर चढले आणि वर आलेल्या पाण्याच्या पाइपावर दगडाने ठोकलं. तीनदा. खालून तीनदा आलं. माझा विश्वास बसेना. चारदा ठोकलं. चारदा आलं. आजूबाजूच्या माणसांनीही ऐकलं. तेव्हापासून मी तिथेच. मंगळवारी तुम्हाला पत्र लिहिलं तेव्हा पाइप माझ्या गुडघ्याला टेकलेला होता. आमचं बोलणं होतं असं लिहिलं ते हेच.

बुधवारपर्यंत हातांनी आणि पहारींनी काढलं. नखं गेली. बुधवारी क्रेन आली. काल, गुरुवारी दुपारी मी ठोकलं आणि खालून आलं नाही. मी ठोकत राहिले. अजून ठोकते आहे. काही येत नाही.

आज क्रेनबरोबर आलेला इंजिनिअर म्हणाला, "बाई, उद्या सकाळी क्रेन हलवावी लागेल. मागच्या गल्लीत आवाज येतोय. इथे आता..." चांगला माणूस आहे. त्याचेही डोळे लाल आहेत.

ताई, मी काय करू? मला कोणीतरी सांगा. मीच सगळ्यांना सांगत आले, आता मला कोणी सांगत नाही.


शनिवार, ता. १६

तुझं पत्र मिळालं.

तीन पावलं. आंधळासुद्धा गेला असता. माझा भाऊ उभ्या जन्मात कुठल्या टेबलाखाली गेला नसता. "मी बाहेर जातो" म्हणाला होता ना? त्याला कळत होतं. त्याच्या अंगाला कळत होतं. तू त्याला परत आत घातलंस. तुझ्या पुस्तकासाठी. तू शिकवणार आणि सगळ्यांनी गपगुमान ऐकायचं, घर काय नि शाळा काय!

काय करू म्हणून मला विचारतेस? सांगायची हौस तुला होती.

मला पत्र लिहू नकोस. तो मिळाला तर कळव. तेवढंच.


सोमवार, ता. १८

मास्तरीणबाई,

परवाचं पत्र तुला मिळालं नसेल तर बरं. मिळालं असेल आणि उघडलं नसेल तर चुलीत घाल. वाचलं असशील तर मला माहीत नाही काय म्हणायचं.

ते पत्र पेटीत टाकलं आणि घरी आले. अप्पा जागे होते. म्हणाले, "दार लावून काय वाचलंस?" मी काही नाही म्हणाले. म्हणाले, "मी अंथरुणाला खिळलोय, बहिरा नाही झालो. तू आत रडत होतीस. बाळ्या गेला का?" मी सगळं सांगितलं. मी तुला काय लिहिलं तेही. ते भिंतीकडे तोंड करून पडले. तसेच म्हणाले, "आणि रविवारी दुकान कोणी उघडायला लावलं, ते लिहिलंस का?"

नव्हतं लिहिलं.

तुझं शुक्रवारचं पत्र आलं त्या क्षणापासून हे माझ्या छातीवर बसलेलं आहे. मीच म्हणाले, एक रविवार उघड. तो घरी असता तर तुम्हा दोघींबरोबर जेवणाच्या टेबलाखाली असता. तुझं "टेबलाखाली जा" दोन शब्दांचं होतं, तेही जीव वाचवायला. माझं पानभर होतं, चाळीस डगल्यांसाठी. आणि डगल्यांचं काय झालं ठाऊक आहे? हॉस्पिटलवाल्या बाई म्हणाल्या, काही घाई नाही हो, पुढच्या महिन्यात दिले तरी चालतील.

ते सहन होईना म्हणून तुझ्यावर टाकलं. दुसरं काही कारण नाही.

रविवारी निघाले होते. बस नदीपर्यंत आली. पूल मध्येच खचलाय, मदतीच्या गाड्या आणि टँकर तेवढे एकेक सोडतात, पोलिसांनी बाकी सगळ्यांना परत पाठवलं. पाय धरले तरी सोडेनात. आता शेजारणीला अप्पांपाशी ठेवून पुन्हा निघणार आहे. होडी सुरू होईल म्हणतात.

तू कशी आहेस? काही खातेस का? क्रेनचं काय झालं? एक ओळ लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील.

ताई


गुरुवार, ता. २१

ताई,

तुमची दोन्ही पत्रं एकाच दिवशी, मंगळवारी मिळाली. ह्यांना निरोप देऊन आले होते. आधीचं आधी वाचलं. फाडलं नाही. खरं सांगू? सगळे मला पाठीवर हात ठेवून म्हणत होते, तुमचा काय दोष. तुमच्या पत्रात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या मनातलं बोललं. मी ते पाच-सहा वेळा वाचलं. मग दुसरं वाचलं, आणि तेव्हा रडू आलं.

क्रेनचं विचारलंत. शनिवारी सकाळी ती हलवायला आले आणि मी तिच्या चाकांच्या लोखंडी पट्ट्यांसमोर आडवी झाले. होय, मीच. मैदानावर रांग मोडणाऱ्या पोरांना ओरडणारी. दोन पोलीस शिपाई उचलायला आले तर मी त्यांच्या हाताला चावले. इंजिनिअर माझ्याजवळ उकिडवा बसला. म्हणाला, "बाई, तिकडे जिवंत माणसं आहेत." मी म्हणाले, "इथेही आहे." मला माहीत नव्हतं, ताई. गुरुवारपासून एकही आवाज नव्हता. तरी म्हणाले. त्याने क्रेन तिथेच ठेवली. मागच्या गल्लीत दुसरी क्रेन पोचायला सहा तास लागले. तिथे काय झालं ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

रविवारी दुपारी टेबल दिसलं. त्याच्याखालून एक हात हलला. तो ह्यांचा नव्हता.

शेजारच्या दुकानातली इस्त्रीवाली. तुम्ही पाहिलंय तिला, ठेंगणी, सारखी हसत असते. धक्का आला तेव्हा ती फुटपाथवर कपडे वाळत घालत होती. घाबरून रस्त्याकडे पळायला निघाली, तर ह्यांनी दारातून तिचा दंड धरून आत ओढलं. म्हणाले, "आत या, बाई. बायकोचा हुकूम आहे. बाहेर गेलो तर घरी माझी धडगत नाही." तिने मला हे सांगितलं तेव्हा हॉस्पिटलात तिच्या नाकात नळी होती, तरी सांगताना हसली.

टेबलाने पहिला मार झेलला. पण टेबल दोघांना पुरेसं नव्हतं. ह्यांचा डावा पाय बाहेर राहिला आणि तुळई त्यावर आली. पाण्याचा कॅन लवंडून जवळ आला होता. दोघांनी बुचाने मोजून प्यायलं. ह्यांचं म्हणणं, मला तहान नाही, तुम्ही घ्या. पाना हातात होता, त्याने पाइपावर ठोकत. माझं ठोकणं आलं की तिला म्हणत, "ऐकलंत? हजेरी घेतेय." बुधवारी रात्री ताप चढला. गुरुवारी शेवटचं ठोकून झाल्यावर तिला म्हणाले, "तिला सांगा, घरी जाऊन झोप." पुन्हा बोलले नाहीत. पाना त्यांच्या मुठीत राहिला, तिचा हात तिथवर पोचत नव्हता, आणि ओरडायला घशात आवाज उरला नव्हता. वर क्रेन चालू होती ती मात्र तिला ऐकू येत होती.

इंजिनिअरने मला दाखवलं. इमारतीचा दर्शनी भाग सगळा फुटपाथवर आला होता. तिथे उभी असलेली सहा माणसं जागच्या जागी गेली. लोक म्हणतात, बघा, तुम्ही सांगितलंत म्हणून चार दिवस तरी मिळाले, एक बाई वाचली. मी मान हलवते. पण ताई, ते चपळ होते. फुटपाथ ओलांडून रस्त्याच्या मधोमध पोचले असते तर? कोणी सांगू शकत नाही. तुम्ही नाही, मी नाही, इंजिनिअर नाही. मला ह्यातून सुटायचं नाहीये. तुम्हीही रविवारचं मनातून काढणार नाही, मला माहीत आहे. मी काढा म्हणणार नाही. या. होडी मिळाली तर या.

चिमणी बोलत नाही. मीही कोणाशी फारसं बोलत नाही. सोमवारपासून शाळा भरवायची म्हणतात, आणि मुलांना पुन्हा धडा द्या म्हणतात. माझ्या तोंडून 'टेबलाखाली' हा शब्द निघत नाही.

तुमची


बुधवार, ता. २७, शाळेतून

ती. अप्पांना,

पोचले. हे पत्र शेजारणीकडून वाचून घ्या, आणि औषधाला नाही म्हणू नका.

होडीने सोमवारी संध्याकाळी आले. मैदानात तंबूंच्या रांगा आहेत. ती मला पाण्याच्या रांगेत दिसली. अप्पा, मी ओळखलं नाही. आधी चिमणीला ओळखलं आणि मग तिला. दोन्ही हातांना पट्ट्या. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, रांगेत माझ्यापुढे उभ्या राहा, तुम्ही दमला असाल." बस, एवढंच. मी जे पाठ करून आले होते ते सगळं राहिलं, मी तिच्या हातातली बादली घेतली.

काल शाळेच्या एका वर्गात आम्ही होतो, मी, ती, चिमणी आणि पंधरा-वीस पोरं. ती त्यांना चित्रं काढायला कागद वाटत होती. आणि हललं. तुम्ही रेडिओवर ऐकलं असेल, मागून येणाऱ्या धक्क्यांतला मोठा होता. पत्रे खडखडायला लागले. सगळी पोरं तिच्याकडे बघायला लागली. चिमणीसुद्धा. ती कागद धरून उभी. तोंड उघडं, आवाज नाही. पोरांना सवय आहे ना, तिने सांगितल्याशिवाय हलायचं नाही. ती सांगेना आणि पोरं हलेनात.

मी दाराशी होते, अप्पा. माझे पाय बाहेरच निघाले होते. आपल्या घराण्याचेच पाय ते. एक पाऊल उंबऱ्याबाहेर पडलंही होतं. मागे वळून बघितलं आणि मी ओरडले. माझ्या आयुष्यात एवढ्या मोठ्याने ओरडले नसेन. "बाकांखाली! सगळे बाकांखाली!" पोरं सुपातल्या दाण्यांसारखी पसरली. मी आत धावले, तिला दंडाला धरून मोठ्या टेबलाखाली ढकललं, चिमणीला मध्ये घेतलं आणि टेबलाचा पाय धरला.

बारा-पंधरा सेकंद असेल. खिडकीची एक काच फुटली, पत्रे राहिले, कोणाला काही झालं नाही. पोरं बाहेर आली, एकमेकांना टपल्या मारत हसायला लागली. आम्ही तिघी टेबलाखालीच होतो. बाहेर यावंसं वाटेना. मी म्हणाले, "मी तुला जे लिहिलं..." ती म्हणाली, "राहू द्या." मग चिमणी दहा दिवसांत पहिल्यांदा बोलली म्हणे. विचारलं, "आत्या, तू बाहेर का नाही पळालीस?" उत्तर आईने दिलं. ती म्हणाली, "आपण आत होतो ना, म्हणून." आणि ती रडायला लागली. असं रडणं मी ऐकलेलं नाही, अप्पा. पोरं हसायची थांबली. शिपाईणबाई आल्या आणि त्यांना हळूच बाहेर घेऊन गेल्या.

बाळ्याचं तुम्हाला काय लिहू? जागा बघून आले. आल्यावर सांगेन. लिहिता येत नाही.

मी लगेच परतत नाही. महिनाभर तरी नाही. छावणीत फाटके तंबू आणि पांघरुणं शिवायला माणूस हवं आहे. हातमशीन एक मिळालंय, बिघडलेलं आहे, पण चालवून घेईन. तुम्ही तेवढं सांभाळून घ्या. पूल झाला की ह्या दोघींना घेऊन येते.

हे लिहिताना दुपारचे तीन वाजलेत. सतरा दिवसांत ती एका वेळी दोन तासांवर झोपलेली नाही असं शिपाईणबाई सांगत होत्या. जेवण झाल्यावर माझ्या शेजारी बसली होती, बसल्या बसल्या कलली, आणि आता माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आहे. तासभर झाला. पायाला मुंग्या येऊन पाय बधिर झालाय. कागद तिच्या खांद्यावर टेकवून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं आलंय.

तुमची,
ताई